धावणाऱ्याच्या ताटातला भात

पालघर जिल्ह्यातल्या शिरगावच्या किनाऱ्यावर पहाटे भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावतात. पोलिस भरतीच्या मैदानी चाचणीत 50 गुण असतात आणि त्यांतले 20 एकट्या धावण्याचे: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. दोन-चार सेकंद इकडेतिकडे झाले की वर्षभराची मेहनत वाया जाते. म्हणून ही मुले मिळेल तो सल्ला मनापासून पाळतात. आज त्यांना सर्रास मिळणारा सल्ला तीन कलमांचा आहे: भात बंद कर, अनशेपोटी पळ, पावडरचा डबा घे. तिन्ही कलमे या मुलांच्या बाबतीत चुकीची आहेत. ज्या घरात दोन वेळचे ताट जेमतेम भरते, तिथे तर ती घातकही आहेत.

आधी प्रतिपक्षाची बाजू नीट मांडू. भात कमी करा, हे सांगणारे सगळे अडाणी नाहीत. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, पोट सुटलेल्या, रक्तातली साखर वाढलेल्या माणसाला कमी वेळा आणि कमी पिष्टमय खाण्याचा फायदा होतो. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचली, ती वजन आणि मधुमेह या दोन प्रश्नांवरचा उपाय म्हणून. त्या चौकटीत तिच्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो पन्नाशीतल्या काकांचे पथ्य विशीतल्या पुतण्याच्या माथी मारण्याला. काकांच्या शरीरात साठा जास्त आहे आणि खर्च कमी. पुतण्याचा साठा रोज रिकामा होतो. दोघांचे ताट एकच कसे असेल?

हा साठा म्हणजे काय, ते बघू. भात, भाकरी, केळे, चिकू यांतले पिष्ट आणि साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात ठेवते. सगळा मिळून चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे सुमारे 1600 ते 2000 किलोकॅलरी. चरबीचा साठा याच्या कितीतरी पट असतो. 60 किलोच्या सडपातळ मुलाच्या अंगातही चाळीस-पन्नास हजार किलोकॅलरींची चरबी असते. इथूनच भातविरोधकांचा आवडता युक्तिवाद निघतो: एवढी चरबी पडून आहे, तर शरीराला तीच जाळायला शिकवा, भात हवाच कशाला?

युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो वेगाचा विचारच करत नाही. चरबी जाळायला ऑक्सिजन जास्त लागतो. एक लिटर ऑक्सिजनमागे पिष्टातून सुमारे 5 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, चरबीतून सुमारे 4.7. रमतगमत चालणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. पण छाती फुटेस्तोवर धावणाऱ्याची ऑक्सिजन घेण्याची क्षमता शेवटच्या टोकाला आलेली असते. तिथे सहा-सात टक्क्यांचा तोटा म्हणजे सरळ मागे पडणे. शिवाय चरबीतून ऊर्जा सुटण्याची गतीच मंद आहे. ऑस्ट्रेलियातल्या लुईस बर्क यांनी 2017 साली जागतिक दर्जाच्या चालपटूंवर हेच तपासले. तीन आठवडे कसून सराव झाल्यावर भरपूर पिष्ट खाणाऱ्यांची 10 किलोमीटरची वेळ सुधारली. पिष्ट जवळजवळ बंद करून चरबीवर राहिलेल्यांचे शरीर चरबी जाळायला उत्तम शिकले, पण त्यांची वेळ मात्र सुधारली नाही.

त्याच्या पन्नास वर्षे आधी, 1967 साली, स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम, हुल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडीच्या स्नायूत सुई घालून कणभर मांस काढले आणि त्यातले ग्लायकोजेन मोजले. तीच माणसे, तीच सायकल, तेवढाच जोर. बदलले ते फक्त आधीच्या तीन दिवसांचे जेवण. पिष्ट जवळपास वर्ज्य केल्यावर ती तासाभरात गळाली, मिश्र जेवणावर जवळजवळ दोन तास टिकली आणि भरपूर पिष्टावर पावणेतीन तासांच्या आसपास. ‘भाताने सुस्ती येते’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत. सुस्ती येते ती डोंगराएवढा भात एका बैठकीत खाऊन लगेच आडवे झाल्यावर. त्यात दोष वेळेचा आणि मापाचा आहे.

यावर एक सुजाण आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. 1600 मीटर पळायला असा किती भात लागतो? खरेच फार लागत नाही. सपाट जमिनीवर धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे 60 किलोच्या मुलाला त्या पाच-सहा मिनिटांत शंभरच्या आसपास. एका मोठ्या केळ्याएवढी. पण ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, दिवशीची वेळ त्या दिवशी कमावली जात नाही. ती कमावली जाते त्याआधीच्या महिन्यांत, रोज सकाळ-संध्याकाळ, चारशे-चारशे मीटरचे जोरकस तुकडे मारताना, आणि असे तुकडे ग्लायकोजेन झपाट्याने संपवतात. त्यात शिरगावची वाळू. ओहोटीला उघडी पडलेली ओली, घट्ट पट्टी सोडून सुरूंच्या बाजूच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत धावले, तर ऊर्जेचा खर्च टणक जमिनीच्या दीडपटीहून अधिक होतो, कारण पायाने मारलेला जोर वाळूच गिळते. पाच किलोमीटरची सकाळ खर्चाच्या हिशेबात आठ किलोमीटरची होते. काल रिकामे झालेले स्नायू रात्री भरले नाहीत, तर आजचा सराव अर्धाच होतो. परवा पोटऱ्या दगडासारख्या लागतात आणि पोरगा समजतो की आपल्यात दमच नाही.

रोज तासभर कसून सराव करणाऱ्याला दर किलो वजनामागे 5 ते 7 ग्रॅम पिष्ट हवे, असे क्रीडापोषणाचे आजचे मार्गदर्शन आहे. 60 किलोच्या मुलाला दिवसाला किमान 300 ग्रॅम. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात ते सुमारे 28 ग्रॅम असते. म्हणजे दोन्ही वेळा पोटभर भात, जोडीला तांदळाच्या किंवा नाचणीच्या भाकऱ्या, दोन केळी, हंगामात घोलवडचा चिकू, एवढे झाले की हिशेब पुरा होतो. ज्या जिल्ह्याच्या वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याच जिल्ह्यातल्या धावणाऱ्या मुलाला तांदळाची भीती घालावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता पावडरचा डबा. स्नायू दुरुस्त व्हायला प्रथिने लागतात, यात वाद नाही. धावणाऱ्याला दर किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम पुरतात, म्हणजे आपल्या मुलाला 70 ते 95 ग्रॅम. पण शिरगावच्या शेजारी सातपाटी आहे. शंभर ग्रॅम माशात अठरा-वीस ग्रॅम प्रथिने मिळतात आणि सुक्या बोंबलात, पाणी उडून गेल्यामुळे, वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनेच असतात. कालवण-भात, दोन-तीन अंडी, वाटीभर वरण किंवा वालाचे बिरडे, पेलाभर दूध, एवढ्यात गरज भागते. मासे न खाणाऱ्याच्या घरी डाळ आणि भात एकमेकांची उणीव भरून काढतात. चांगल्या पावडरीचा एक चमचा म्हणजे चार अंड्यांएवढी प्रथिने, त्यापलीकडे त्यात काही जादू नाही. आणि भात सोडून पावडर घेतली, तर इंधन कमी पडल्यावर शरीर तीच महागडी प्रथिने जाळून ऊर्जा काढते. बापाच्या मजुरीतून आलेला डबा असा चुलीत जातो.

अनशेपोटी धावल्याने त्या तासात चरबी थोडी जास्त जळते, हे खरे. पण दिवसभराचे खाणे तेवढेच असेल, तर वजनात त्याने फरक पडत नाही. सकाळचा हलका फेरफटका उपाशी मारला तरी बिघडत नाही. जोराचा सराव मात्र उपाशी करू नये. पाण्याच्या बाबतीत तर हयगय अजिबात नको. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत भरतीचे 5 किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले, काहींचा जीव गेला. त्यानंतर अंतर कमी झाले, पण आपल्या किनारपट्टीची दमट हवा तीच आहे. तिच्यात घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. पळताना पाणी प्यायलास तर दम जाईल, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

मुलींबद्दल वेगळे बोलायला हवे. राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळतो, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनेच नोंदवले आहे. ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिनच कमी असेल, तर 800 मीटरला छाती लवकर भरून येणारच, आणि तिला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. अशा मुलीला आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगा. कमी निघाले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या, सोबत लिंबू किंवा आवळा, आणि चहा जेवणापासून तास-दोन तास लांब.

राहिली ग्राउंडची सकाळ. जव्हार, मोखाडा, विक्रमगडहून येणारे पोर आदल्या रात्री निघते, कुठेतरी पथारी पसरते आणि उपाशीच रांगेत उभे राहते. घरून निघतानाच त्याच्या पिशवीत दोन केळी, गूळ आणि पाण्याची बाटली द्या. जवळ राहणाऱ्याने दोन-तीन तास आधी वाडगाभर मीठ घातलेली पेज प्यावी. पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही त्यात आहे, आणि ती पोटात जड होत नाही. आणि भरती घेणाऱ्या प्रशासनाने मैदानाच्या फाटकाशी रात्रीपासून पिण्याचे पाणी, डोक्यावर छप्पर आणि पहाटे पेजेचे पातेले ठेवावे. हजारो उमेदवारांची उंची आणि छाती मोजण्याची व्यवस्था जे उभी करू शकतात, त्यांना एवढे अशक्य नाही.