शब्द कुठे उतरला?

रमजान महिना आला की इफ्तारच्या निमंत्रणांबरोबर एक वाक्य हमखास ऐकू येते : सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. बोलणाऱ्याच्या मनात स्नेह असतो, यात शंका नाही. दुसरीकडे मोबाईलवर वादविवादाच्या चित्रफिती फिरत असतात. त्यात एक वक्ता बायबलमधल्या चुका मोजतो, तर दुसरा कुरआनमधल्या. पहिल्या प्रकारात शेजाऱ्याचा धर्म समजून घेण्याची गरजच उरत नाही. दुसऱ्यात तशी इच्छाच नसते. ख्रिस्ती धर्म आणि इस्लाम यांच्या बाबतीत या दोन्ही सवयी विशेष नुकसान करतात. कारण हे दोन धर्म एकमेकांच्या फार जवळचे आहेत आणि एका नेमक्या जागी अगदी वेगळे आहेत.

साम्य थोडेथोडके नाही. दोन्ही धर्म एकाच निर्मात्या ईश्वराला मानतात आणि अंतिम निवाड्याच्या दिवसावर श्रद्धा ठेवतात. बायबलमधले अब्राहाम, मोशे आणि दावीद हेच कुरआनमधले इब्राहीम, मूसा आणि दाऊद. कुरआनच्या ११४ सूरहांपैकी १९ वी सूरह हजरत मरियम यांच्या नावाने आहे. संपूर्ण कुरआनात नाव घेऊन उल्लेख झालेल्या त्या एकमेव स्त्री आहेत. हजरत ईसा (अलै.) यांचा जन्म पित्याविना, कुमारी मातेच्या पोटी झाला, त्यांनी अल्लाहच्या आज्ञेने आंधळ्यांना दृष्टी दिली, ते 'मसीह' आहेत, हे सारे कुरआन सांगते. त्यावर विश्वास नसलेला माणूस मुसलमान राहू शकत नाही.

उपवासाचेही तसेच. रोजे पूर्वीच्या लोकांनाही सांगितले होते, असे कुरआन (२:१८३) स्पष्ट करते. प्रभू येशूंनी अरण्यात ४० दिवस उपवास केला आणि त्याच्या स्मरणार्थ ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ पाळला जातो. २०२५ मध्ये भारतात पहिला रोजा २ मार्चला होता आणि राखेचा बुधवार ५ मार्चला. एकाच गावात दोन समाजांचे उपवास बरोबरीने चालले होते.

आता फरक. ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशू हे देवाचे पुत्र आहेत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव आहे. माणसांच्या पापांसाठी ते क्रुसावर मरण पावले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उठले. इस्लाममध्ये हजरत ईसा (अलै.) थोर प्रेषित आहेत, परंतु अल्लाहचे बंदे आहेत. अल्लाहला पुत्र नाही, त्याच्यासोबत कोणी भागीदार नाही. त्यांना क्रुसावर मारले गेले नाही, असे कुरआन (४:१५७) म्हणते. म्हणजे गुड फ्रायडे आणि ईस्टर या ज्या पायावर उभे आहेत, तोच मुसलमानाला मान्य नाही. 'तपशिलात थोडा फरक' असे म्हणून हे झाकता येत नाही. तसे करणे दोन्ही श्रद्धांवर अन्याय आहे.

ग्रंथांची तुलना करताना तर बहुतेकांची वाट चुकते. कुरआन आणि बायबल शेजारी ठेवून पाने ताडून पाहिली जातात. पण बायबल हा अनेक पुस्तकांचा संग्रह आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३. ती अनेक शतकांत, अनेक हातांनी लिहिली गेली. ईश्वरी प्रेरणेने माणसांनी लिहिलेले, असे ख्रिस्ती लोक मानतात. येशूंचे चरित्रही मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशा चौघांच्या नावांनी चार वेळा येते. कुरआन सुमारे २३ वर्षांत एकाच प्रेषितावर, अरबी भाषेत उतरला आणि त्यातला प्रत्येक शब्द अल्लाहचा आहे, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे.

खरी तुलना वेगळ्या जोडीची आहे. योहानाचे शुभवर्तमान आरंभी शब्दाविषयी बोलते : देवाचा शब्द देहधारी झाला. ख्रिस्ती माणसासाठी देवाचे प्रकटीकरण म्हणजे मुळात येशू ही व्यक्ती. बायबल तिची साक्ष देते. मुसलमानासाठी अल्लाहचा शब्द वाणी होऊन आला आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो पोहोचवला. म्हणून ख्रिस्ती श्रद्धेत जे स्थान येशूंचे, त्याच्या जवळपासचे स्थान इस्लाममध्ये कुरआनचे आहे. कुरआनचे अवतरण रमजानमध्ये झाले (२:१८५), म्हणूनच हा महिना मोठा. शब-ए-कद्रची रात्र मुसलमानाला काय वाटते, हे ख्रिस्ती शेजाऱ्याला नाताळच्या रात्रीवरून उमजू शकेल.

हे लक्षात आले की कितीतरी कोडी सुटतात. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठी ओव्यांतून 'क्रिस्तपुराण' दिले. चर्चमध्ये आज मराठीतून शास्त्रवाचन होते. भाषा बदलली तरी श्रद्धेला बाध येत नाही, कारण केंद्रस्थानी व्यक्ती आहे. कुरआनचे मराठी भाषांतर मुसलमान अर्थ समजण्यासाठी वाचतो, पण तरावीहच्या नमाजमध्ये पठण अरबीतच होते, कारण तिथे शब्दच केंद्रस्थानी आहे. हाफिज संपूर्ण ग्रंथ मुखोद्गत करतात ते याचसाठी. कुरआनच्या प्रतीची विटंबना झाली की मुसलमानाच्या आणि येशूंची टवाळी झाली की ख्रिस्ती माणसाच्या काळजाला घरे का पडतात, तेही यातून कळते.

मतभेद उघड केल्याने मैत्री तुटते, ही भीती इतिहासाने खोटी ठरवली आहे. मक्केतल्या छळाला कंटाळून इ.स. ६१५ च्या सुमारास काही मुसलमान हबशा देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या परिसरात, आश्रयाला गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. हे लोक येशूंविषयी भलतेच बोलतात, अशी तक्रार मक्केच्या दूतांनी केली. इस्लामी इतिहासग्रंथ सांगतात, की त्या वेळी निर्वासितांपुढे गोड बोलून वेळ मारून नेण्याचा मार्ग होता. आश्रय गेला असता तर परत छळच वाट्याला येणार होता. तरीही हजरत जाफर यांनी सूरह मरियम ऐकवली आणि विचारल्यावर स्पष्ट सांगितले, की ईसा अल्लाहचे बंदे आणि प्रेषित आहेत. दरबारातल्या काहींना ते रुचले नाही. राजाने मात्र दूतांच्या भेटी परत केल्या आणि आश्रय कायम ठेवला.

एकाने आपली श्रद्धा लपवली नाही आणि दुसऱ्याने त्यासाठी दार बंद केले नाही. सलोख्याला याहून वेगळे काही लागत नाही. इफ्तारच्या दस्तरखानावर खजुराबरोबर एखादा खरा प्रश्नही ठेवावा : तुम्ही येशूंना काय मानता? तुम्ही कुरआनला काय मानता? उत्तर पटलेच पाहिजे असे नाही. ते शांतपणे ऐकून घेणे हाही रमजानच्या सब्रचाच भाग आहे.