आमचं पत्र वर्ग झालं, मुलगा वर्गातच राहिला

मा. शालेय शिक्षणमंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन

हे माझं पाचवं पत्र. आधीची चार कुठल्या टेबलावर आहेत ते मला कळलेलं नाही. तिसऱ्याला तेवढं एका ओळीचं उत्तर आलं : 'आपला अर्ज पुढील उचित कार्यवाहीसाठी संबंधितांकडे वर्ग करण्यात आला आहे.' संबंधित कोण, हे विचारायला चौथं लिहिलं. ते बहुधा त्याच संबंधितांकडे वर्ग झालं असावं. म्हणून हे उघड्यावर.

पार्श्वभूमी पुन्हा उगाळत नाही. मी पतसंस्थेत हिशेब लिहिते, तेव्हा आकडेच मांडते.

पाचवीची वार्षिक परीक्षा, विषयाला 50 गुण, त्यातले 10 तोंडी आणि 40 लेखी. उत्तीर्ण व्हायला 18. परिसर अभ्यासात माझ्या मुलाला तोंडी 10 पैकी 10 आणि लेखी 40 पैकी 6. मराठीत 8 आणि 5, गणितात 7 आणि 5. सवलतीचे गुण टाकूनही तिन्ही विषय काठावर येत नाहीत. खरीप-रब्बी म्हणजे काय, कुठलं पीक कधी पेरतात, हे तो आजोबांबरोबर शेतात फिरून शिकलाय, झोपेतून उठवलं तरी सांगेल. उत्तरपत्रिकेत त्यानं 'खरीप'चं 'खपरी' लिहिलं. बाईंनी त्याभोवती लाल गोल काढला आणि शून्य दिला. बाईंवर राग नाही. त्यांच्यापुढे 43 मुलं आहेत, आणि माझ्या मुलाकडे कागद नाही.

या कागदाबद्दलच बोलायचंय.

दिव्यांग हक्क कायदा 2016चा. अध्ययन अक्षमता त्यात स्पष्ट नावानिशी आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे सगळं कलम 17 मध्ये छापलेलं आहे. तासाला 20 मिनिटं जादा मिळाली असती, उत्तरं सांगून लिहवून घेता आली असती, तर त्या 6 चे किती झाले असते याचा हिशेब मी रात्री मनातल्या मनात करते. पण हे सगळं प्रमाणपत्र दाखवल्यावर. आणि केंद्राच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते प्रमाणपत्र वयाच्या 8 वर्षांपासून मिळू शकतं.

जुलै 2023 मध्ये आम्ही पहिल्यांदा जिल्ह्याच्या इस्पितळात गेलो, तेव्हा तो 9 वर्षांचा होता. 'लहान आहे, पुढच्या वर्षी आणा.' पुढच्या वर्षी नेलं. आधी डोळे तपासून आणा, मग कान तपासून आणा. कानाचं यंत्र बंद होतं. मग बुद्ध्यांक चाचणी, तिची तारीख तीन महिन्यांनी. मग मानसशास्त्रज्ञ बदलून गेल्या आणि पद रिकामं. आतापर्यंत 11 हेलपाटे, जाऊन-येऊन 148 किलोमीटरचा एक, म्हणजे 1628 किलोमीटर. एसटीत माझं अर्धं तिकीट, त्याचंही अर्धं, त्याबद्दल शासनाचे मनापासून आभार. माझ्या 11 रजा मात्र पूर्ण कापल्या गेल्या.

शैक्षणिक चाचणी अजून झालेलीच नाही. पुढची तारीख 19 ऑगस्ट.

2009च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत नापास करणं नव्हतं, तोवर हा उशीर मुलाला गुणपत्रिकेतच भोवायचा. 2019 मध्ये केंद्रानं दार उघडलं, 2023 मध्ये आपण पाचवी आणि आठवीला ढकलगाडी बंद केली. करा, माझी हरकत नाही. पण हा नियम निघाला त्या दिवशी राज्यात किती मुलं चाचणीच्या रांगेत उभी आहेत, हे कुणी मोजलं होतं का? रांग तशीच ठेवून पुढे परीक्षेची भिंत बांधली, आणि भिंतीला डोकं आपटणाऱ्याला अभ्यासात कच्चा म्हणायला आपण मोकळे.

याहून पुढची गंमत ऐका. इस्पितळात आम्हाला सांगितलं, मूल आपल्या इयत्तेच्या दोन वर्षं मागे दिसलं तर निदान पक्कं होतं. माझा मुलगा वाचतो तिसरीचं. पाचवीत तो दोन वर्षं मागे होता, सहावीत गेला असता तर तीन. आता पुन्हा पाचवीत बसवलाय, आणि वर्षभरात चौथीचं वाचायला लागला तर कागदावर एकच वर्ष मागे. म्हणजे नापास केल्यामुळे तो प्रमाणपत्राला अपात्र ठरायची भीती. हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं?

(जाता जाता : 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' असं वाचायला सुचवलं, तेव्हा उभा महाराष्ट्र हसला. विधिमंडळातही त्याची चेष्टा झाली. माझ्या घरात कुणी हसलं नाही. 'त्रेसष्ट' ऐकून आधी 3 लिहिणारं पोर आमच्याकडे होतं.)

मला जे हवंय त्याला नवा कायदा लागत नाही. ज्या मुलाची चाचणीची चिठ्ठी परीक्षेच्या तारखेआधीची आहे, त्याला वर्गशिक्षकांच्या शिफारशीवर तात्पुरत्या सवलती द्या आणि चाचणी होईपर्यंत मागे ठेवू नका. एका पानाचं परिपत्रक पुरेल. बाईंच्या गणवेशाबद्दल, सेल्फीबद्दल, खिचडीच्या फोटोबद्दल परिपत्रकं एका रात्रीत निघतात, हे आम्ही पाहिलंय.

जूनमध्ये पुनर्परीक्षा झाली. मी लेखनिक मागितला. मुख्याध्यापकांनी इस्पितळाची चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "ताई, यावर 'तपासणी बाकी' लिहिलंय. हे चालत नाही." तिन्ही विषयांत पुन्हा तेच झालं. शाळेत पुस्तकं वाटली तेव्हा त्याला पाचवीचाच संच मिळाला. घरी येऊन त्यानं गेल्या वर्षीची कव्हरं काढली आणि नव्या पुस्तकांना घातली. मापाची बसली.

चिठ्ठीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. कृपया वर्ग करू नये.

आपली,
पाचवीतल्या (दुसऱ्यांदा) मुलाची आई