यादीत नसलेली वस्तू



पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकाच्या सामानात कापडाची एक गुंडाळी असे. तिच्यात वस्तरा, दाढीचा ब्रश, कंगवा, दातांचा ब्रश आणि सुई-दोरा-बटणांची छोटी पुरचुंडी. या पुरचुंडीचे लष्करातले नाव होते ‘हाउसवाइफ’, म्हणजे गृहिणी. खरी गृहिणी घरी राहिली, तिचे काम तेवढे सैनिकाच्या पाठीवर चढले.

दाढी तर युद्धसामग्रीच ठरली. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा दाढीवर घट्ट बसत नाही. अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख सेफ्टी रेझर सरकारी खर्चाने घेतले. पुरुषाच्या हनुवटीवरचे केस ही राष्ट्राची गरज झाली आणि त्यात कुणाला संकोच वाटला नाही.

त्याच युद्धात कापसाची टंचाई पडली, म्हणून लाकडाच्या लगद्यापासून केलेले ‘सेल्युकॉटन’ जखमा बांधायला आले. ते रक्त चांगले शोषते हे परिचारिकांनी पाहिले आणि त्याच्या घड्या स्वतःच्या पाळीसाठी वापरल्या. त्यांच्यासाठी कुणी काही पाठवले नव्हते. पुरुषांच्या जखमांसाठी आलेल्या मालातून त्यांनी आपली सोय लावून घेतली. युद्धानंतर या मालाला गिऱ्हाईक शोधणाऱ्या किंबर्ली-क्लार्क कंपनीने १९२० मध्ये ‘कोटेक्स’ पॅड बाजारात आणले. युक्ती परिचारिकांची, नफा कंपनीचा.

शंभर वर्षांनी हे चाक उलटे फिरले. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियात सक्तीची सैन्यभरती सुरू झाली, तेव्हाची एक चित्रफीत जगभर पाहिली गेली. गणवेशातली एक बाई नव्या सैनिकांना सांगते आहे : बायको, मैत्रीण, आई यांच्याकडून सॅनिटरी पॅड आणि टॅम्पॉन मागून आणा, गोळी लागली तर टॅम्पॉन जखमेत घाला. खोल जखमेतला रक्तस्राव टॅम्पॉनने थांबत नाही. त्यासाठी जखमेत दाबून भरायची पट्टी लागते आणि ती देणे लष्कराचे काम असते. ते काम बायकांच्या कपाटावर ढकलले गेले.

पलीकडे युक्रेनच्या सैन्यात हजारो स्त्रिया लढत होत्या. त्यांना पुरुषांच्या मापाचे गणवेश, पुरुषांचीच अंतर्वस्त्रे मिळाली. स्त्रियांच्या मापाचे कपडे, बूट, पाळीचे सामान ‘झेमल्याच्की’सारख्या स्वयंसेवी गटांनी देणग्या गोळा करून आघाडीवर पोचवले. स्त्रियांसाठी वेगळा गणवेश शासनाने मंजूर केला तो २०२३ मध्ये. खंदकात पाणी नसते, आडोसा नसतो. एकच घडी तासन्‌तास ठेवावी लागते. लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी कमी प्यायले जाते. यातून जंतुसंसर्ग होतो, हे आपल्या शेतमजूर आणि बांधकामावरच्या बहिणींना वेगळे सांगायला नको.

कुणी विचारील, युद्धाला विरोध करणाऱ्या आपण सैनिकाच्या पिशवीची चिंता का करावी? आमचा युद्धाला विरोध आहेच. पण गणवेश चढवला म्हणून बाईचे शरीर शासनाच्या मालकीचे होत नाही. शिवाय ही यादी एक गोष्ट उघड करते : कोणाचे शरीर ‘सर्वसाधारण’ आणि कोणाचे ‘खासगी अडचण’ हे आधीच ठरलेले असते. जे यादीत नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात पैसाही नाही. मग ते आईच्या पदराच्या गाठीतून येते, नाहीतर येतच नाही.

पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांच्या संचलनाच्या छायाचित्रांचे कौतुक झाले, ते व्हावेच. आपण त्यापुढचा प्रश्न विचारायचा आहे : दुर्गम चौकीवर या मुलींच्या सामानात काय असेल आणि त्याचा खर्च कोण करील?

‘कावळा शिवला’ म्हणून कुजबुजत राहिलो तर यादी बदलणार नाही. उघड बोललो तेव्हा ती बदलली आहे. सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के जीएसटी स्त्रियांनी आवाज उठवल्यावर जुलै २०१८ मध्ये रद्द झाला. म्हणून पोलीस भरती असो, निवडणुकीची ड्यूटी असो की पुराच्या मदतीची पेटी, जिथे जिथे सामानाची यादी होते तिथे ती मागून घ्या आणि वाचा. आपली वस्तू नसेल तर लिहायला लावा, साबण आणि कंगव्याच्या शेजारी, त्याच अक्षरात.

– संपादक मंडळ