यात्रा करा, पण डोळे उघडे ठेवून!

घणसोलीच्या एका आगरी घरीं परवां प्रवासाचा बेत ठरला. आग्र्याचा ताजमहाल, फत्तेपूर सिक्री, मथुरा, काशी आणि शेवटीं गयेस पिंडदान! ऐकून आम्हांस आनंदच झाला. ज्यांच्या वाडवडिलांनीं खाडीपलीकडचा मुलूख पाहिला नाहीं, त्यांनीं आतां देश पाहावा, यांत गैर तें काय? परंतु खर्चाचा कागद पाहिला आणि मन विटलें. गाडीभाडें व मुक्काम यांपेक्षां विधि-दक्षिणेची रक्कम अधिक; आणि ती उभी करण्यास थोरल्या मुलीच्या कॉलेजसाठीं ठेवलेली ठेव मोडावयाची!

बंधूंनो, ज्यांच्या नांवानें हे पिंड, त्यांनीं मिठागरांत व खाजणांत जन्म घालविला. १९७० सालीं सिडको आली, भातशेती गेली. १९८४ च्या जानेवारींत जासई-नवघर येथें पोलिसांच्या गोळीबारांत पांच शेतकरी पडले, तेव्हां कोठें साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क पदरीं पडला. त्या रक्ताच्या मोलाचा पैसा पंड्याच्या पदरांत पडावा आणि नात शिक्षणावांचून राहावी, यानें पितर तृप्त होतील काय?

कोणी म्हणेल, देवाच्या दारीं हिशेब कशाला? आम्ही विचारतों, देवाच्या दारीं दलाल कशाला? पंढरपुरांत बडवे-उत्पातांचा वंशपरंपरेचा हक्क पिढ्यान् पिढ्या चालला. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें तो संपला, आणि पूजेस ब्राह्मणेतर पुजारीहि नेमले गेले. विठोबा कांहीं रुसला नाहीं! काशीविश्वनाथाचें आजचें देऊळ अठराव्या शतकांत उभारलें तें धनगराच्या लेकीनें, अहिल्याबाई होळकरांनीं. देऊळ बांधणारी आपली. मग देवाशीं बोलण्यास दुसऱ्याची जीभ भाड्यानें कां घ्यावी?

ताजमहालापुढेंहि हाच विवेक ठेवा. वाटाड्या शहाजहानचें प्रेम वर्णील. पण मकराण्याचा संगमरवर खणणारे, वाहणारे, घडविणारे हात कोणाचे, हें तो क्वचितच सांगेल. तुर्भ्याच्या दगडखाणींत राबलेल्या वडारानें तें त्यास विचारावें. आणि १६६६ सालीं शिवाजी महाराज याच आग्र्यांतून औरंगजेबाची कैद चुकवून निसटले, हें मुलांस किल्ल्यासमोर उभें करून सांगावें.

पैसा थोडा असेल तर आग्राच कशाला? छत्रपती संभाजीनगरास बिबी का मकबरा आहे. जवळच वेरूळास घृष्णेश्वर आहे, आणि एका अखंड खडकांतून वरून खालीं कोरीत आणलेलें कैलास लेणें आहे. पाथरवटाच्या छिन्नीपुढें बादशहाचा खजिनाहि फिका पडतो, हें तेथें उघड्या डोळ्यांनीं दिसतें. त्याआधीं मुलांना जासईस न्या. आपलें पहिलें तीर्थ तेंच.

यात्रा करा, जरूर करा. पण कर्ज काढून नव्हे, आणि मुलीची फी मोडून तर नव्हेच नव्हे! देव दर्शनाचे पैसे मागत नाहीं. जो मागतो, तो देव नव्हे.