वाटीचे किती ग्रॅम?

बँकेत उमेदीची वर्षे काढल्यामुळे ‘एका डॉलरचे किती रुपये’ हा प्रश्न मला कधी अवघड वाटला नाही. त्या दिवसाच्या दराचा तक्ता पाहायचा आणि गुणाकार करायचा. पण ‘एका वाटीचे किती ग्रॅम’ हा प्रश्न तसा नाही. तिथे प्रत्येक जिन्नसाचा दर निराळा, आणि चक्का, पनीर, क्रीम चीज अशा मऊ पदार्थांचा तर हाताच्या दाबाबरोबरही बदलणारा.

श्रीखंडाचेच पाहा. ‘जितका चक्का तितकी साखर’ हे प्रमाण घरोघरी सांगितले जाते. पण तितकी म्हणजे मापाने की वजनाने? 200 मिलिलीटरच्या वाटीत चक्का साधारण 200 ग्रॅम बसतो, साखर मात्र 170 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वाटीने मोजणारी गृहिणी किलोभर चक्क्याला साडेआठशे ग्रॅम साखर घालते आणि तराजूने मोजणारी पुरता किलो. दोघींनीही प्रमाण पाळलेले असते, तरी पानातले श्रीखंड वेगळे होते.

पनीर कुस्करून वाटीत सैल भरले तर एक वजन, बोटांनी दाबले तर दुसरे. परदेशी पाककृतीतला ‘कप’ही सगळीकडे एक नाही. अमेरिकेतला सुमारे 237 मिलिलीटरचा, ऑस्ट्रेलियातला 250चा. त्या अमेरिकन कपात क्रीम चीज 230 ग्रॅमच्या आसपास मावते, रिकोटा 245च्या, आणि भुगा केलेले फेटा चीज जेमतेम 150. सगळ्यांना एकच आकडा लावून केलेला केक बसला, तर दोष भट्टीचा नसतो.

आपल्या जुन्या बाजाराला हा फरक ठाऊक होता. धान्य पायली-शेराने मापले जाई, गूळ आणि लोणी तराजूत पडे. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला, 1958पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने दुकानात आले. स्वयंपाकघरात मात्र वाटीच राहिली. रोजच्या आमटी-भाताला ती पुरेशी आहे. तिथे तराजू काढणे म्हणजे हौसच.

पण आज अनेक घरांतली मुले दूरच्या गावी किंवा परदेशी आहेत. सणाच्या दिवशी ती फोनवर विचारतात, ‘आई, चक्का किती घेऊ?’ आईची ‘आपली नेहमीची वाटी’ त्यांच्या कपाटात नसते. आईच्या पश्चात तर हा प्रश्न विचारायचा कोणाला? पाककृती हरवते ती अशी, वहीत जपून लिहिलेली असूनही.

म्हणून माझे सांगणे एवढेच: घरातली नेहमीची वाटी एकदा वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, चक्का न दाबता भरून सुरीने सपाट करा आणि आलेला आकडा पाककृतीशेजारी लिहा. साखरेचाही लिहा. मासिकांत आणि पुस्तकांत पाककृती देणाऱ्यांनीही मऊ पदार्थांचे माप ग्रॅममध्ये द्यावे, वाटी कंसात.

चक्का कितपत घट्ट हवा, हे अर्थात काटा सांगणार नाही. त्यासाठी तो किती तास टांगला, बोटाला कसा लागला, हेही दोन ओळींत लिहावे लागेल. मुलांना त्या दोन ओळी आकड्याइतक्याच लागणार आहेत. सांगणारी व्यक्ती घरात आहे तोवर त्या लिहून घ्याव्यात.