संगणकाच्या खरेदींत काटकसर कोठें करावी?

गेल्या कांहीं महिन्यांत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून एक विचारणा वारंवार होऊं लागली आहे. घरांतील जुना संगणक थकला, नवा तयार घ्यावा तर हिशेब बसत नाहीं. तेव्हां सुटे भाग आणून जुळवून घेणें शहाणपणाचें होईल काय, आणि कोणत्या भागावर किती खर्चावें? या विचारणेस कारणही तसेंच घडलें आहे. विंडोज १० या प्रणालीस मिळणारें नित्याचें साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबलें, आणि विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींचे बहुतेक प्रोसेसर चालत नाहींत. दहा वर्षें इमानानें राबलेलें यंत्र त्यामुळें एकाएकीं म्हातारें ठरलें. त्यांत २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनीं मेमरीची एवढी उचल केली कीं, रॅमचे भाव भडकले. गृहस्थानें करावें तरी काय?

सुटे भाग जुळविण्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. आयबीएम कंपनीनें १९८१ सालीं आपला संगणक बाजारांत मिळणाऱ्या भागांतूनच उभा केला, आणि १९९५ सालीं इंटेलनें एटीएक्स नांवाचें माप ठरवून दिलें. तेव्हांपासून एका कंपनीचा मदरबोर्ड दुसरीच्या कॅबिनेटमध्यें बसतो, तिसरीचा एसएमपीएस त्यास वीज देतो, आणि कोणाचें कोणावांचून अडत नाहीं. अडतें तें पैशाच्या वांटणीपाशीं. पंचवीस-तीस हजारांची रक्कम हातीं घेऊन निघालेला गृहस्थ दुकानांत शिरला कीं प्रोसेसरच्या नांवास भुलतो, चकचकीत कॅबिनेटला भुलतो, आणि उरलेल्या चिल्लरींत उरलेले भाग उरकतो.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. जो भाग पुढें वाढवितां येईल, तेथें आज खुशाल हात आखडावा. जो भाग बिघडला असतां शेजाऱ्यांनाही घेऊन बुडतो, तेथें मात्र आखडूं नये. आणि असा भाग म्हणजे, ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं तो, एसएमपीएस.

भिंतींतून येणारी २३० व्होल्टची वीज १२, ५ व ३.३ व्होल्टच्या सरळ प्रवाहांत उतरवून सर्व भागांस पुरविणें हें या पत्र्याच्या पेटीचें काम. स्वस्त कॅबिनेटबरोबर ती जणूं फुकट येते. तिच्यावर '४५० वॅट' असा ठळक कागद डकविलेला असतो. परंतु कागद डकविण्यास वॅट लागत नाहींत. दाब वाढतांच पुरवठा तोडणारी योजना अशा पेटींत पुष्कळदां नसते, आणि मग जळतांना ती एकटी जळत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत असेंच घडलें. मे महिन्यांतल्या एका दुपारीं वीज गेली, आली, पुन्हां गेली. तिसऱ्यांदां आली तेव्हां पेटींतून करपट वास आला. मदरबोर्ड गेला, आणि त्याबरोबर हार्ड डिस्कही. त्या डिस्कवर थोरल्या काकांनीं चार वर्षें खपून टंकलेली कुलवृत्तांताची सामग्री होती. गांवोगांव जाऊन घेतलेल्या वंशावळी, तीन वृद्ध आत्यांच्या तोंडून उतरून घेतलेल्या हकीकती. त्यांपैकीं दोन आत्या आज हयात नाहींत. एसएमपीएसवर वांचले होते दीड हजार रुपये.

म्हणून एकूण रकमेचा सुमारें दहावा हिस्सा या पेटीस द्यावा, असें आम्ही सुचवितों. वॅटांचा आंकडा फार मोठा नको. ज्या घरगुती जुळणीविषयीं आम्ही लिहीत आहों ती पूर्ण भारावरही दीडशें वॅटच्या आंतच राहते. तेव्हां नांवाजलेल्या कंपनीची खरी ४५० वॅटची पेटी मुबलक होय. '८० प्लस' ही खूण पाहावी. तिचा अर्थ २०, ५० व १०० टक्के भारावर निदान ८० टक्के वीज कामीं लागते, एवढाच आहे. तें सुरक्षिततेचें प्रमाणपत्र नव्हे. तथापि ती मिळविण्यासाठीं पेटी बरी बांधावी लागते, आणि हमी तीन-पांच वर्षांची असल्यास विश्वास ठेवण्यास आणखी आधार मिळतो. पण पेटी कितीही चांगली घेतली, तरी भिंतींतील तिसऱ्या छिद्रास अर्थिंग नसेल तर उपयोग अर्धाच. जुन्या वाड्यांतून कॅबिनेटला हात लावतांच बोटांस मुंग्या येतात, त्याचें कारण हेंच. संगणक आणण्यापूर्वीं वायरमनला बोलवावें.

प्रोसेसरविषयीं आम्ही निराळेंच बोलणार आहों. पत्रें, हिशेब, मुलांचा अभ्यास, परदेशीं असलेल्या लेकीशीं तोंड पाहून बोलणें, एवढ्यास २०२१ सालीं निघालेला एएमडीचा रायझन ५ ५६००जी किंवा २०२२ चा इंटेलचा आय३ १२१०० पुरून उरतो. दोहोंतही चित्र उमटविण्याची सोय अंगभूत आहे, म्हणून वेगळें ग्राफिक्स कार्ड लागत नाहीं. येथें एका अक्षरानें घात होतो. ५६००जी मधील 'जी' गेला, किंवा १२१०० पुढें 'एफ' आला, कीं ही सोय नाहीशी होते. थोडे पैसे वांचल्याच्या आनंदांत घरीं यावें तों पडदा काळाच. बिलावर अक्षरें ताडून पाहावींत.

एएमडीचा हा प्रोसेसर ज्या जुन्या एएम४ बैठकीवर बसतो तिला पुढें भविष्य नाहीं, एएम५ घ्या, असें दुकानदार सांगेल. तें खोटें नाहीं. परंतु जुना प्रोसेसर काढून त्याच मदरबोर्डवर नवा बसविलेला गृहस्थ आम्हीं अद्याप फारसा पाहिलेला नाहीं. शिवाय एएम५ ला डीडीआर५ जातीचीच रॅम लागते. डीडीआर४ ची खांच निराळी असल्यानें ती तेथें बसतही नाहीं, आणि सध्यांच्या महागाईंत ही अट जड जाते.

रॅम हा वाढवितां येण्याजोगा भाग. दोन खांचांपैकीं एकींत ८ जीबीची पट्टी आज घालावी, भाव उतरल्यावर तिच्याच जोडीची दुसरी. अंगभूत चित्रयोजना मुख्य मेमरीच उसनी घेत असल्यामुळें, जोडी जमली कीं तिचाही वेग वाढतो. प्रारंभींच दोन पट्ट्या घेण्याची ऐपत असेल तर उत्तमच.

एसएसडी मात्र पहिल्या दिवसापासून असावी. जुन्या हार्ड डिस्कमध्यें मिनिटास ५४०० वा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर सुई इकडून तिकडे धांवते. एसएसडींत हलणारें कांहींच नाहीं. आजोबांनीं कळ दाबावी, चष्मा पुसावा, आणि तेवढ्यांत यंत्र तयार असावें, हा फरक तिच्यामुळें पडतो. साटा जातीची सेकंदास सुमारें ५५० मेगाबाइट वाचते व एनव्हीएमई जातीची ३५०० ही वाचते, परंतु पत्र लिहिणाऱ्यास दोहोंतील अंतर जाणवत नाहीं. ५०० जीबीची जी सवलतीनें मिळेल ती घ्यावी. जुनी हार्ड डिस्क टाकूं नये. बाहेरच्या खोक्यांत बसवून छायाचित्रांची व कागदपत्रांची दुसरी प्रत तिच्यावर ठेवावी, आणि ती प्रत घेतली कीं तार काढून कपाटांत ठेवावी. जोडलेली प्रत संकटसमयीं मूळ प्रतीबरोबरच जाते.

पुतण्याचा हट्ट ग्राफिक्स कार्डाचा असेल. त्यास सांगावें कीं, त्यासाठींची लांब खांच मदरबोर्डवर मोकळी आहे. परीक्षा होऊं दे. मात्र तसा बेत असल्यास एसएमपीएस आजच साडेपांचशें वॅटचा घ्यावा. पडद्याच्या बाबतींत वडील मंडळींचे डोळे हेंच प्रमाण समजावें, आणि कॅबिनेट ज्यांतून वारा खेळेल असें, दिव्यांवांचून असलें तरी चालेल.

मुंबईस लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गांवीं, कोठेंही खरेदी केली तरी 'बिल नको असेल तर स्वस्त देतों' हें वाक्य कानीं पडेलच. जीएसटीचे १८ टक्के वांचतात खरे, पण हमीच्या दारीं बिलावांचून कोणी उभें करीत नाहीं. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा. जुळणी दुकानांतच समक्ष करवून, पडद्यावर चित्र आलेलें पाहूनच पैसे मोजावे. रिकामीं खोकीं मागून आणावींत. हमी असेतों माळ्यावर तेवढी जागा त्यांना द्यावी.