पांढऱ्याची किंमत कोण मोजतं?

वस्तीतल्या बैठकीत त्या दिवशी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याची माहिती द्यायची होती. मी तक्ते लावते आहे तोच एक बाई म्हणाली, "ताई, कायद्याचं मग सांगा. पांढरे कपडे पिवळे पडतात, त्याला काय करायचं?" सगळ्या हसल्या. मी मनातून वैतागले, एम.एस.डब्ल्यू.ला हे कुणी शिकवलं नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "परवा सदऱ्याची कॉलर मळकी राहिली, म्हणून यांनी बादली फेकून मारली."

तक्ते गुंडाळून ठेवले. कायदा तिथूनच सुरू झाला होता.

पण प्रश्नाचं उत्तरही द्यायला हवं होतं. पिवळेपणा बहुतेक वेळा घामाचा, अंगाच्या तेलकटपणाचा आणि नीट न खळबळलेल्या साबणाचा असतो. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा राखाडी थर बसतो. सुती कपडे धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात तासभर भिजवावेत, भरपूर पाण्यात खळबळावेत, उन्हात वाळवावेत. रक्ताचा डाग मात्र गार पाण्यातच. गरम पाण्यानं तो पक्का बसतो. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

"भरपूर पाण्यात" म्हणताना माझीच जीभ अडखळली. या वस्तीत नळ पाऊण तास येतो. सोड्यानं हात फाटतात ते वेगळंच.

आणि नीळ? ती मळ काढत नाही, पिवळ्यावर निळसर छटा चढवते. बऱ्याच पावडरींमधली चकाकी देणारी द्रव्यंही उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. म्हणजे जाहिरातीतली ती शुभ्रता बरीचशी डोळ्यांची फसवणूक. तिच्यापायी मनगटं झिजतात ती मात्र खरी.

२०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरची बिनमोल कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. आपण कार्यकर्त्या पाणी, रेशन, दारूबंदी यांवर मोर्चे काढतो. धुण्याच्या दगडापाशी मात्र आपलं राजकारण थबकतं. कपडा किती पांढरा हवा हे ठरवणारा एक आणि घासणारी दुसरी, हे आपल्याला अजून खटकत नाही.

बैठकीत आणखी एक निघालं. मुलींच्या शाळेत शनिवारी पांढरा गणवेश. पाळी आली की कितीतरी मुली शनिवारी घरीच बसतात. रंग बदला म्हणून आम्ही शाळेत गेलो, तर "शिस्तीचा प्रश्न आहे" असं ऐकून परतलो. आता लेखी अर्ज तयार आहे. सह्या ४२, त्यांतल्या तीन पुरुषांच्या.

त्या बाईनं अजून तक्रार दिलेली नाही. त्याचे सदरे धुणं तेवढं बंद केलं आहे. आम्ही आळीपाळीनं रोज संध्याकाळी तिच्याकडे चक्कर मारतो.